दुखतं पुढे, सुई मागे

खांदा पुढून दुखतो असं सांगितलं आणि फिजिओथेरपिस्टने सुई मागे, फऱ्याच्या हाडावर टोचली, की पेशंटला वाटतं, याला आपलं बोलणं नीट ऐकूच आलं नाही. पण फऱ्यावर पसरलेल्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूत गाठ धरली, की कळ खांद्याच्या पुढच्या भागात आणि दंडातून खाली जाते. गाठ दाबल्यावर तीच ओळखीची कळ उठली, तर सुईची जागा बरोबर.

या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात, म्हणजे कोरडी सुई: तिच्यात औषध नसतं. सुई साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची. नेमकी लागली की स्नायू क्षणभर फडफडतो. नाही फडफडला म्हणून पैसे वाया गेले असं नव्हे. नंतर एक-दोन दिवस ठणका राहतो.

जपायची जागा मानेखालची. तिथल्या ट्रॅपेझिअस या मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूखाली फुफ्फुसाचं टोक असतं, म्हणून स्नायू चिमटीत धरून, उचलूनच टोचतात. नंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर घरी शेकत न बसता थेट दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा त्या बाजूच्या काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) ऑपरेशनने काढल्या असतील, तर आधीच सांगा.

सुईने दुखणं उतरतं, बहुधा काही दिवसांपुरतं. त्या दिवसांत स्नायूला काम दिलं नाही, तर पुन्हा सुईच. चांगल्या कुशीवर झोपा, दुखरा हात वर. कोपर काटकोनात, कोपर आणि कुशीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी, हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. कोपर गुंडाळीवरून न हलवता मनगट छताकडे न्या, तीन मोजत खाली आणा. १० ते १२ वेळा, ३ फेऱ्या, एक दिवसाआड. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल. दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको. बहुतेकांची चूक एकच: बाटली जड झाली की कंबर मागे कलंडते, आणि व्यायाम खांद्याऐवजी कमरेचा होतो. फरक कळायला सहा ते बारा आठवडे धरा.

कोपर कुशीला चिकटवून दुसऱ्याने हात बाहेर फिरवला तरी तो अडतच असेल, तर गाठीपेक्षा फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडण्याच्या आजाराचा संशय जास्त. तिथे सुईवर फार भिस्त नको. आधी एक्स-रे काढा, आणि रक्तातली साखरही तपासा. मधुमेहींमध्ये हा आजार जास्त दिसतो.