स्कोलिओसिसचा एमआरआय: पावतीवर काय लिहिलंय ते आधी वाचा (माझा अनुभव)

मुलाच्या पाठीच्या बाकासाठी (स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं) एमआरआय सांगितला असेल तर पैसे भरायच्या आधी पावतीवर 'होल स्पाइन', म्हणजे पूर्ण कणा, लिहिलंय का बघा. आमचं घोडं तिथेच अडलं आणि माझा राग अजून गेलेला नाही.

लेकीला स्कोलिओसिस आहे हे उभ्याने काढलेल्या एक्सरेत कळलंच होतं, त्यावरच कॉब अँगल, म्हणजे बाकाचा कोन, मोजतात, 10 अंश किंवा जास्त आला की स्कोलिओसिस. पण तिचा बाक छातीच्या भागात डावीकडे, बहुतेक मुलांचा उजवीकडे असतो, त्यात वय 10च्या आत, आणि डॉक्टरांनी पोटावर हलकेच रेघ ओढली तर एका बाजूने बेंबी हलली, दुसऱ्या बाजूने हललीच नाही. म्हणाले एमआरआय हवाच, अशा बाकामागे मज्जारज्जूतलं काही असू शकतं. मज्जारज्जूत पाणी साठून झालेली पोकळी म्हणजे सिरिंक्स, छोट्या मेंदूचा खालचा भाग मानेत उतरलेला म्हणजे कियारी, खाली अडकून ताणला गेलेला मज्जारज्जू, यातलं काही एक्सरेत दिसत नाही. चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं, होल स्पाइन, कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत.

आणि काउंटरवर पावती फाडली 'एलएस स्पाइन'ची, म्हणजे फक्त कंबर! मी म्हटलं दादा चिठ्ठी वाचा, तर म्हणे पाठीला हेच करतात मॅडम. मग म्हणे कॉम्प्युटरमध्ये तसा ऑप्शन नाही, मग म्हणे स्लॉट तेवढाच आहे, मग म्हणे डॉक्टरांना फोन करायला सांगा. पोरगी क्लिपा काढून, केस मोकळे सोडून बाकड्यावर बसलेली, दर थोड्या वेळाने विचारतेय आई आत कधी जायचं. मी जागची हलले नाही, टेक्निशियनला बाहेर बोलवा एवढंच म्हणत राहिले. तो आला, चिठ्ठी वाचली आणि लगेच म्हणाला हे होल स्पाइनच आहे, याला जास्त वेळ लागतो. तोवर आमचा स्लॉट गेला, पुढची तारीख मिळाली.

राग वाट बघायला लागली याचा नाही. कियारी असतो कवटीच्या तळाशी, सिरिंक्स बहुतेकदा मानेत नाहीतर छातीच्या भागात. नुसत्या कंबरेचा रिपोर्ट नॉर्मल आला असता आणि आम्ही निर्धास्त झालो असतो. असं काही असेल तर आधी न्यूरोसर्जन बघतात, ते न कळता बाक सरळ करायचं ऑपरेशन केलं तर मज्जारज्जूला धोका असतो. पावतीवरच्या एका शब्दावर एवढं सगळं अवलंबून, आणि तो वाचायची कोणाला गरज वाटू नये!

स्कॅन सुरळीत झाला. आवाज खूप असतो, कानात बोळे देतात, फक्त हलायचं नाही. हो, दातांना तारा असतील तर आधी सांगा, मानेच्या वरच्या भागाची इमेज बिघडू शकते. पाठीचा ब्रेस (बाक वाढू नये म्हणून घालायचा पट्टा) काढूनच आत जायचं.

रिपोर्टमध्ये कियारी नाही, सिरिंक्स नाही, मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतोय, म्हणजे जिथे संपायला हवा तिथेच. वाचून मी तिथेच रडले. आता ब्रेस चालू आहे आणि ठरलेल्या वेळी एक्सरे.

अजून एक, एमआरआय झोपवून काढतात त्यामुळे त्यात बाक कमी दिसतो. तो बघून सुधारणा झाली समजू नका आणि ब्रेस काढू नका, अँगल उभ्याच्या एक्सरेवरूनच धरायचा.