ओव्हनच्या काचेवरचा पिवळा थर

जुलैमधली गोष्ट, रात्रभर पाऊस, कुर्ल्याला रुळांवर पाणी, लॅबला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. आल्या आल्या टेस्टिंगचा डेटा उघडला तर नव्या बॅचचे आठही कॉइन सेल (बटणाएवढ्या चाचणीच्या बॅटऱ्या) पहिल्याच डिस्चार्जला गंधकाच्या ग्रॅममागे ७०० मिलिअँपिअर-तासावर अडकलेले. आधीची बॅच ११०० द्यायची. पोटात गोळाच आला.

आमचं काम लिथियम-सल्फर बॅटरीवर. गंधक स्वस्त, थिअरीत ग्रॅममागे १६७५, मोबाइलच्या बॅटरीतलं कोबाल्टवालं कॅथोड, म्हणजे धन टोक, दीडशेच्या आसपास देतं. पण गंधकातून वीज जात नाही, डिस्चार्ज होताना तो ८० टक्के फुगतो आणि मधल्या टप्प्यातले पॉलिसल्फाइड, म्हणजे लिथियम-गंधकाची संयुगं, इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे सेलमधल्या द्रवात, विरघळून लिथियमकडे येरझाऱ्या घालतात. म्हणून काही नॅनोमीटरची भोकं असलेल्या कार्बनमध्ये गंधक वितळवून मुरवायचा, पाक मुरतो तसा. तेही १५५ डिग्रीलाच, तिथे तो सगळ्यात पातळ असतो, १६० ओलांडलं की घट्ट व्हायला लागतो.

सर म्हणाले, "पॉलिसल्फाइडच असणार." मला पटेना. तसं असतं तर चार्जिंग लांबलं असतं, इथे चार्ज-डिस्चार्ज जवळपास सारखे. आणि डिस्चार्जचा व्होल्टेज कर्व्ह बघितला तर २.३ आणि २.१ व्होल्टचे दोन्ही टप्पे जागच्या जागी, फक्त दोन्ही एकाच प्रमाणात आखूड. म्हंजे मटेरियल नीट चालतंय, पण कमी आहे!

पुढचे इलेक्ट्रोड काढायला व्हॅक्यूम ओव्हनपाशी गेले तर दाराच्या काचेला आतून फिकट पिवळा थर. बोट फिरवलं, बोटाला पूड.

ज्युनिअरला विचारलं तर ती घाबरतच म्हणाली, "ताई, पावसात स्लरी वाळत नव्हती म्हणून ओव्हन ६० डिग्रीचं ९० केलं, रात्रभर." स्लरी म्हणजे गंधक मुरवलेल्या कार्बनचा लगदा, तो पसरून वाळवला की इलेक्ट्रोड होतो. गंधक व्हॅक्यूममध्ये तेवढ्यावर सरळ उडून जातो आणि गार काचेवर बसतो. ६० च का, हे मी वहीत कधी लिहिलंच नव्हतं, तिला कुठून कळणार, चूक माझी होती आणि तसं मी तिला सांगितलं.

दुपारी इलेक्ट्रोड खरवडून टीजीए लावलं, म्हणजे तापवत वजन किती घटतं ते मोजलं. ६० टक्के धरलेला गंधक ३८ निघाला. त्या हिशोबाने आकडे परत काढले तर ७०० चे ११०५ झाले, मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला, सरांना हाक मारली, आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं कारण सहा महिने ज्या कार्बनवर घालवले तो बिघडलाच नव्हता.

संध्याकाळी दोघींनी नवीन स्लरी पसरली, ६० डिग्री लावले, आणि सकाळी बघता यावं म्हणून काच आतून स्वच्छ पुसून ठेवली.