वाइन३२ का बसत नाही: रामबागेतल्या यंत्राची तिसरी नोंद

यंत्र इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी छापखान्याचं, डेबियन १२ (लिनक्स), ६४ बिट. जुन्या छापील अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये नाही, म्हणून विंडोजवरचा ३२ बिटांचा देवनागरी टायपिंगचा प्रोग्राम वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीत, चालवायचाय. वाइन३२ हा तिचा ३२ बिटांचा भाग.

'डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६' आणि 'एपीटी अपडेट' झालंय, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजी-एपीटीला ३२ बिटांची (आय३८६) पॅकेजंही चालतील असं सांगून झालंय. तरी 'एपीटी इन्स्टॉल वाइन३२' म्हटलं की उत्तर येतं, 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस', म्हणजे रोखून धरलेली (होल्ड) मोडकी पॅकेजं आहेत. रोखलेल्या पॅकेजांची यादी, 'एपीटी-मार्क शोहोल्ड', मात्र रिकामी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सगळ्या अटी एकत्र जुळल्या नाहीत की एपीटी हेच म्हणतं, होल्ड असो वा नसो.

इलाज कंटाळवाणा आहे, पण चुकत नाही. संदेशात जे पॅकेज अडलेलं दिसेल, तेच पुढच्या खेपेला मागायचं, दर वेळी '-एस' लावून, म्हणजे नुसती रंगीत तालीम होते. वाइन३२ वरून लिबवाइन:आय३८६, तिथून लिबजीलिब२.०-०:आय३८६, आणि शेवटी लिबपीसीआरई२-८-०:आय३८६. गाडी इथे अडली.

'एपीटी-कॅश पॉलिसी लिबपीसीआरई२-८-०' मध्ये कारण दिसलं. डेबियनची आवृत्ती १०.४२-१. बसलेलीही १०.४२-१च, पण मागे '+०~' असं लांब शेपूट. पीएचपीसाठी (वेबसाइटची भाषा) जोडलेल्या बाहेरच्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) आलेली, आणि तिथे आय३८६ची जोडी नाही. हे पॅकेज 'मल्टी-आर्क: सेम' आहे, म्हणजे दोन्ही आर्किटेक्चरांची आवृत्ती अक्षरन् अक्षर एक हवी. शेपटामुळेच सगळं अडलं.

'एपीटी इन्स्टॉल -एस लिबपीसीआरई२-८-०=१०.४२-१ लिबपीसीआरई२-८-०:आय३८६=१०.४२-१' चालवून 'रेमव्ह'च्या ओळी, म्हणजे काय काय काढलं जाईल ते, वाचल्या. पीएचपी किंवा डेस्कटॉप त्यात असता तर थांबावं लागलं असतं. नव्हता, म्हणून '-एस' काढलं. पाठोपाठ वाइन३२ मुकाट्याने बसलं.

पण पुढच्या अपग्रेडला शेपूट परत येईल. म्हणून /ईटीसी/एपीटी/प्रेफरन्सेस.डी मध्ये दोन नोंदी: त्या बाहेरच्या रेपॉझिटरीच्या (ओरिजिन) सगळ्या पॅकेजांना पिन-प्रायॉरिटी (पसंतीचा आकडा) १००, आणि तिथल्याच पीएचपी* ला ५००. १००१ असा मोठा आकडा कशाला? हजारावरचा आकडा आपोआप डाउनग्रेड करतो, ती ब्याद नको. '--फोर्स-डिपेंड्स'ही नको, त्याने अट पुरी होत नाही, डीपीकेजी फक्त डोळे मिटतं आणि पुढचं प्रत्येक एपीटी अडतं.

टायपिंगचा प्रोग्राम उघडतोय. जोडाक्षरं तुटतात, पण तो फाँटचा प्रश्न.