उपांशु की मानस?

आमच्या प्रयोगशाळेत ईईजीची टोपी (तिच्यातले इलेक्ट्रोड डोक्याच्या कातडीवरून मेंदूचे विद्युत संकेत टिपतात) घालून माणूस मनात शब्द म्हणतो आणि संगणक तो ओळखू पाहतो. शब्द चारच : पाणी, हो, नको, थांबा. म्हणजे नुसता अंदाज ठोकला तरी २५ टक्के बरोबर येणारच. विद्यार्थ्यांवर घेतलेल्या चाचण्यांत आकडा बराच वर गेला होता आणि सगळे खुशीत होते. मला मात्र कानशिलाजवळचेच इलेक्ट्रोड इतके बोलके कसे, हे खटकत होतं. तिथे कातडीखाली चावण्याचा स्नायू असतो, म्हणजे संकेत मेंदूचा की स्नायूचा?

त्या दिवशी आलेले काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे जेल लावणं झटपट उरकलं. (आमच्या धंद्यात टक्कल हे वरदान.) मी ठरलेली सूचना वाचली, "काका, पडद्यावर दिसेल तो शब्द मनात म्हणा."

"मनात म्हणजे? उपांशु की मानस?"

काका रोज पहाटे जप करणारे. उपांशु जपात ओठ-जीभ हलते, शेजारच्याला ऐकू जात नाही. मानस जपात जीभही हलवायची नाही. आमच्या सूचनेत हा भेदच नव्हता.

ओठांजवळ आणि हनुवटीखाली जादा इलेक्ट्रोड चिकटवले आणि दोन्ही प्रकार करून घेतले. उपांशुत तिथल्या रेघा काट्यांनी भरल्या, संगणकाचे अंदाजही जमू लागले. मानसात रेघा सपाट, आणि संगणक २५ टक्क्यांच्या आसपास घोटाळत राहिला. विद्यार्थ्यांची तोंडं उतरली. पण एएलएस (स्नायू हळूहळू लुळे पाडणारा आजार) झालेल्या ज्या रुग्णाला ओठच हलवता येत नाहीत, त्याला ओठांवरून शिकलेलं यंत्र काय कामाचं? स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ मध्ये एएलएसच्याच, स्पष्ट बोलता न येणाऱ्या एका रुग्णाकडून मिनिटाला ६२ शब्द मिळवले, पण मेंदूतच बसवलेल्या इलेक्ट्रोडांतून. शिवाय ती रुग्ण बोलण्याचा प्रयत्न करत होती, नुसती कल्पना नव्हे.

तासाभराने अल्फा लहरी वाढल्या, काका पेंगू लागले. चहा मागवला. तेव्हा ते सहज म्हणाले, "बाकीचे शब्द म्हणतो हो मी. पण 'थांबा' दिसलं की शब्द येतच नाही, बेल ऐकू येते. एक टोला."

त्यांच्या 'थांबा'च्या सगळ्या नोंदी मी वेगळ्या फाइलमध्ये टाकल्या. आता प्रत्येकाला टोपी काढायच्या आधी विचारतो, शब्द म्हणालात, ऐकलात की दुसरंच काही झालं? एक मुलगी म्हणाली, तिला 'पाणी' फक्त लिहिलेलं दिसतं.