नजरेला लांबचा पल्ला

नाशिककराला दूर पाहण्यासाठी फारसे कष्ट घ्यावे लागत नाहीत. शहरातील एखाद्या उंचशा गच्चीवर गेले की एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, उत्तरेला चामरलेण्यांचे टोक दिसते आणि पावसाने हवा धुऊन निघालेली असली तर पश्चिमेकडची अंजनेरीही ओळखू येते. एवढे सगळे आयते समोर असताना आपली नजर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत हातभर अंतरातच घुटमळत असते. मोबाईल, मग कार्यालयातला संगणक, मग पुन्हा मोबाईल. डोळे जपण्याच्या म्हणून ज्या अनेक सवयी सांगितल्या जातात, त्यांतली मला सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित वाटणारी सवय हीच, की दिवसातून वारंवार लांब पाहावे.

जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि अक्षरे स्पष्ट दिसतात. साधारण ६ मीटरच्या पलीकडे पाहिले की तोच स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतो. दिवसभर मूठ आवळून बसल्यावर हाताचे जे होईल, तेच संध्याकाळपर्यंत या स्नायूचे होते आणि मग कपाळ ठणकू लागते. त्यावर नेत्रतज्ज्ञ एक हिशेब सांगतात, तो असा की दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. अडचण एवढीच, की हल्लीच्या सदनिकेत सलग २० फूट मोकळे सापडणे कठीण असते आणि सापडलेच तर मधे सोफा असतो. तेव्हा उठून गॅलरीत जावे हे उत्तम. डोंगर दिसत नसेल तर समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीही चालते. डोळ्याला निसर्गसौंदर्याशी कर्तव्य नसते, अंतराशी असते.

पडद्यासमोर आणखी एक गोष्ट नकळत घडते. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी, मजकुरात मन गुंतले की त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा पातळ थर वाळतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. अशा वेळी मुद्दाम पापण्या मिटाव्यात, पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नये आणि पडदा नजरेच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवावा, म्हणजे डोळा निम्मा झाकलेला राहतो. गुलाबपाणी, मध किंवा काजळ यांतले काहीही डोळ्यांत घालण्याची गरज नाही. त्याहून वाईट म्हणजे औषधाच्या दुकानातून ‘मागच्या वेळी दिले होते तेच’ म्हणून आणलेले थेंब. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली झटकन जाते खरी, पण फार दिवस घातल्यास डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो.

मुलांच्या बाबतीत मात्र लांब पाहण्यापेक्षाही बाहेर असण्याला अधिक महत्त्व आहे. दिवसाच्या उजेडात उघड्यावर घालवलेला वेळ लघुदृष्टी, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याचा दोष, लागण्याची शक्यता कमी करतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. आमच्याकडे गोल्फ क्लबचे मैदान आहे, गोदाकाठ आहे, कॉलनीतली मोकळी जागा आहे; पण शाळा सुटल्यावर मूल थेट शिकवणीला जाते आणि तिथून परतेपर्यंत अंधार पडलेला असतो. मग फळ्यावरचे दिसेनासे झाले की घरात गाजरांची आवक वाढते. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांतून मिळणारे अ जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळण्यासाठी आवश्यकच आहे, परंतु लागलेला चष्म्याचा नंबर किलोभर गाजरांनीही उतरत नाही. आई-आजींच्या पाककौशल्याचा अवमान न करता हे सांगणे अवघड जाते.

उन्हासाठीचा गॉगल घेताना काच किती काळी आहे हे पाहू नये, ती ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते का हे विचारावे. नुसत्याच काळ्या काचेआड बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट अधिक आत शिरतात. रंगपंचमीला शनी चौकातील किंवा तिवंध्यावरील रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवून जावे, आणि रंग डोळ्यांत गेलाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. नुसते पाणी चष्म्यालाही पुरते. सदऱ्याच्या टोकाने कोरडीच काच पुसली की धुळीचे कण तिच्यावर रेघोट्या ओढतात, आणि नाशिकमध्ये रस्त्यांची कामे संपत नाहीत तोवर धुळीला तोटा नाही.

चाळिशीचा चष्मा लागला की बहुतेक जण तयार चष्मा घेऊन मोकळे होतात. माझ्या मते तीच वेळ पूर्ण तपासणी करून घेण्याची असते, कारण काचबिंदू दुखत नाही आणि आरंभी बाजूची नजर इतकी हळू पोखरतो की समोरचे ठणठणीत दिसत असताना काही बिघडले आहे असे वाटतच नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल तर ही तपासणी टाळूच नये. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्यावाच. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यामुळे पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन अजिबात सोसत नाही. म्हणून त्या दिवशी दवाखान्यात आपली दुचाकी घेऊन एकट्याने जाऊ नये. कोणाला तरी सोबत न्यावे आणि परतताना मागे बसून यावे.