कान मोडलेला पैलवान : आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत शिरताना समोरच्या भिंतीवर एका पैलवानाचे जुने टर्नअराउंड शीट लावलेले आहे. समोरून, पाऊण बाजूने, एका कुशीने आणि पाठीमागून अशा चारही आकृत्यांत तो सुबक दिसतो. तरीही आमचा व्यवसाय बुडण्याच्या काठावर गेला तो याच पैलवानामुळे. ते चित्र उतरवून ठेवा, असे अनेकांनी सुचवले, पण मी ते उतरवले नाही.

२००८ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका गाळ्यात मी आणि आप्पांनी काम सुरू केले. आप्पा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि मूळचे साइनबोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यावर त्यांचे हातरंगाईचे काम पाहता पाहता संपले होते. मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकून परतलो होतो आणि माझ्याकडे विकत घेतलेले एकही साधन नव्हते. लाइट टेबल आम्ही सुताराकडून करून घेतले : वर दुधी अ‍ॅक्रिलिक, आत दोन ट्यूबलाइट. पेगबार, म्हणजे चित्रांचे कागद जागेवर धरणारी खुंट्यांची पट्टी, मात्र शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने बनवून दिली. मधली खुंटी गोल, पाव इंच व्यासाची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंचांवर चपट्या खुंट्या. पंपाचे सुटे भाग करणाऱ्या त्या माणसाने हे कशाला लागते असे एकदाही विचारले नाही. माप मात्र तीन वेळा तपासून घेतले. कागद खुंट्यांवर केसभरही हलला तर रेघ थरथरते, हे त्याला न सांगता कळले होते. तो पेगबार आजही वापरात आहे.

आप्पांची एक सवय होती. कोणतेही पात्र काढायला घेण्यापूर्वी ते मूकपटांच्या काळातले इथले चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा दाखला देत. प्रसंग चित्रित करण्याआधी बाबूराव पात्रांची, त्यांच्या पोशाखांची आणि हालचालींची रेखाटने करून ठेवत, ही गोष्ट या गावातल्या जुन्या पेंटरांना आपल्या घरातल्या गोष्टीसारखी ठाऊक असते. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण कागदावर आधी माणूस उभा करण्याची ती शिस्त इथेच राहिली, असे आप्पा म्हणत. मी ते ऐकत असे. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

२०१२ मध्ये बाहेरगावच्या एका कंपनीने लहान मुलांच्या मालिकेसाठी आमच्याकडून पात्रे मागवली. सात मिनिटांचे तेरा भाग आणि मध्यवर्ती पात्र ‘एक गमतीदार पैलवान’. यापलीकडे आम्हांला काहीही सांगितलेले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. माझ्या मते आमची पहिली चूक तीच. मी छाती रुंद केली, पाय बारीक केले, मिशीला पीळ दिला, फेट्यावर जरीची नक्षी काढली. उलट्या त्रिकोणाचा हा आकार सर्वांना पाहताक्षणी आवडला. तिसऱ्या भागाच्या कच्च्या चित्रफितीपर्यंत, म्हणजे अ‍ॅनिमॅटिकपर्यंत मात्र स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रे, करणाऱ्यांना त्या पैलवानाचे काय करावे हेच सुचेना. तो पडत होता, उठत होता आणि पुन्हा पडत होता. तो कशाला घाबरतो, कोणासाठी धावतो, कुस्ती का सोडून बसला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या शरीरात नव्हते. अकराव्या आठवड्यात कंपनीने पत्र पाठवून काम काढून घेतले. आगाऊ मिळालेली रक्कम खर्च झाली होती, स्टुडिओत काम करणाऱ्या सहा मुलांचे दोन महिन्यांचे पगार थकले होते आणि साडेचार लाखांचे कर्ज माझ्या नावावर होते.

इथवरचे मी सोसले असते. पण तीन महिन्यांनी तेच काम आमच्याच शहरातल्या दुसऱ्या एका स्टुडिओकडे गेल्याचे समजले आणि त्यांच्या पैलवानाचे छापील चित्र माझ्या हाती आले. फेट्याचा रंग वेगळा होता, मिशी खाली वळलेली होती. मी ते चित्र आमच्या शीटच्या मापाला आणून लाइट टेबलावर ठेवले, त्यावर आमचे शीट पसरले आणि दिवा लावला. खांद्यापासून कमरेपर्यंतची रेघ दोन्ही कागदांवर एकच होती. डाव्या कोपराला मी सवयीने जो थोडा जास्त बाक देतो, तोही तसाच होता. आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी काही न बोलता दिवा बंद केला. पुढे त्या मालिकेचे कौतुक झाले, सत्कार झाले. आमचे नाव कोणी घेतले नाही. याचे दुःख अजून गेलेले नाही आणि ते गेले आहे असे मी म्हणणारही नाही.

आमच्याकडे लेखी काहीच नव्हते. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना म्हणून मी हे आवर्जून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते; करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पहिले थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे रेखाटन, पाठवण्याआधी करार करावा, आणि किती वेळा दुरुस्त्या करून देणार हा आकडाही त्यातच घालावा.

त्या दिवसांत आम्हांला सावरले ते एका बाईंनी. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि स्वतःच्या पैशाने मुलांसाठी सोळा पानी गोष्टींची पुस्तके काढत. त्यांच्या नव्या गोष्टीतही एक म्हातारा पैलवान होता आणि त्याचा एक नातू. मी त्यांना आमचे नाकारले गेलेले शीट दाखवून म्हणालो, “बाई, पैलवान तयारच आहे.” त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हा रात्री कुठल्या कुशीवर झोपतो रे?”

मला उत्तर देता आले नाही. आप्पा मागून म्हणाले, “उजवा कान मोडलाय की त्याचा. डाव्या कुशीवरच झोपणार.”

“मग चांगला कान उशीत गेला,” बाई म्हणाल्या. “नातवानं रात्री हाक मारली तर याला ऐकू कसं जाणार?”

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून त्या पैलवानाला जन्म दिला, असे मी मानतो. तालमीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांचे कान आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. आमच्या पैलवानाला त्या कानाने कमी ऐकू येते, म्हणून कोणी बोलू लागले की तो मान वळवून डावा कान पुढे करतो. समोर मूल असेल तर अख्खे शरीर वाकवतो. त्या वाकण्याबरोबर आमचा उलटा त्रिकोण मोडला आणि त्या जागी घुमटासारखी एक आकृती आली, जिच्याखाली नातू मावू शकत होता. मान सतत एका बाजूला कलल्याने फेटाही एका अंगाला उतरला. रात्री नातू हाक मारत नाही, आजोबांच्या पायाचा अंगठा ओढतो. त्यामुळे पाय बारीक ठेवून चालणार नव्हते, अंगठा ठसठशीत हवा होता. आकृती पूर्ण काळी करून पाहिली तेव्हा चेहरा न दिसताही हा माणूस ऐकतो आहे, हे कळत होते.

गोल म्हणजे प्रेमळ आणि त्रिकोण म्हणजे कपटी, असे आपल्याकडे शिकवले जाते. ते खोटे नाही, परंतु आकार आधी ठरवून गोष्ट त्यात कोंबली तर काय होते ते आम्ही भोगले आहे. शिवाय हा हिशेबाचाही प्रश्न आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम, टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम ठेवून, काम केले तरी बारा चित्रे. म्हणजे सात मिनिटांच्या भागात ५,०४० चित्रे. फेट्यावरची जरीची नक्षी पाच हजार वेळा काढायची की मोडलेला कान, याचा निर्णय गोष्टीशिवाय कोण देणार? आम्ही जरीची नक्षी काढून टाकली.

त्या पुस्तकावरून पुढे बाईंनी आमच्याकडूनच चार मिनिटांची फिल्मही करून घेतली, पैसे हप्त्याहप्त्याने पण न चुकता दिले, आणि तेव्हापासून त्यांचे एकही पुस्तक दुसरीकडे गेलेले नाही. २०१४ पासून काम नियमित मिळत गेले आणि कर्ज फिटले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गाळ्यात पाणी शिरले, तेव्हा आप्पांनी संगणकांच्या आधी चित्रांचे गठ्ठे माळ्यावर चढवले होते. त्यानंतर वयोमानामुळे ते थांबले.

आता आमची मुले टॅबलेटवर काम करतात आणि पात्रे हलवण्यासाठीचे सांगाडे, म्हणजे रिगही, संगणकातच बनतात. नियम एकच आहे : पात्राच्या एका दिवसाची हकिकत एक पानभर लिहून झाल्याशिवाय पेन हातात घ्यायचे नाही. गेल्या महिन्यात बाईंनी एका गुळव्याची गोष्ट दिली. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी मोठ्या मिशीचा, हसरा चेहरा काढून आणला. मी तिला गुऱ्हाळावर पाठवले. दोन दिवस काहिलीशेजारी बसून ती परतली, तेव्हा तिच्या वहीत चेहरा एकही नव्हता. वाफेने मिचकावलेले डोळे होते आणि उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहणारा उजवा हात होता, अकरा वेळा काढलेला. ती बोटे अजून मनासारखी उतरलेली नाहीत. ती उतरेपर्यंत चेहऱ्याला हात लावू नये, असे मी तिला सांगितले आहे.