विंडोलँडाच्या काळ्या मातीत दोन आठवडे

हेक्सहॅमहून विंडोलँडाकडे जाणाऱ्या बसचा क्रमांक एडी१२२ आहे. सम्राट हेड्रियनच्या आज्ञेवरून उत्तर इंग्लंडच्या आरपार भिंत बांधण्यास ज्या वर्षी आरंभ झाला, त्या इ.स. १२२ चे (इंग्रजीत ‘एडी १२२’) स्मरण या क्रमांकात जपले आहे. विंडोलँडाच्या ज्या रोमन किल्ल्याच्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून काम करण्यासाठी मी जात होते, तो मात्र भिंतीपेक्षाही जुना आहे. इ.स. ८५ च्या सुमारास तेथे पहिला लाकडी किल्ला उभा राहिला आणि पुढे त्याच जागी एकावर एक असे एकूण नऊ किल्ले बांधले गेले.

येथे काम करण्यासाठी पुरातत्त्वशास्त्राची पदवी लागत नाही. शुल्क भरावे लागते, राहण्याची सोय बहुधा स्वतः करावी लागते आणि दोन आठवडे सोमवार ते शुक्रवार उघड्या माळावर वारा-पाऊस सोसत काम करण्याची तयारी असावी लागते. नोंदणी आदल्या हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होते आणि जागा फार लवकर भरतात, म्हणून ज्यांना यायचे असेल त्यांनी तारखांवर आधीपासून लक्ष ठेवावे.

पहिले दोन दिवस आम्ही वरचा, दगडी बांधकामाच्या काळातला थर उतरवीत होतो. गवंड्याच्या थापीसारखे छोटे, टोकदार ट्रॉवेल हाती घेऊन गुडघ्यांवर बसायचे, माती आपल्याकडे ओढत खरवडायची, बादली भरायची आणि एकचाकी गाडीतून ती ढिगाऱ्यावर नेऊन टाकायची. खापराचा तुकडा निघाला की तो कोणत्या थरातून निघाला, हे आधी पाहिले जाते, कारण नंतरच्या कोणी तेथे खड्डा खणला असेल, तर वरच्या काळातली वस्तू खालच्या काळातल्या वस्तूच्या शेजारी येऊन बसते आणि मातीच्या रंगातला तो सूक्ष्म फरक नजरेतून सुटला, तर दोन वेगळे काळ कायमचे एक होऊन जातात.

तिसऱ्या दिवशी खालची काळी माती लागली. रोमन सैन्याची नवी तुकडी येताना जुन्या लाकडी इमारती पाडून त्यांच्यावर चिकणमाती आणि हिरवळीचे थर अंथरले जात. त्या झाकणाखाली हवा पोहोचली नाही, ओलावा टिकला आणि लाकूड, चामडे, कापड कुजविणाऱ्या जिवाणूंना प्राणवायूच मिळाला नाही. जमिनीवर पसरलेले गवत आणि नेच्याची पाने अजून ओळखू येतात. एका हाडावर निळी भुकटी दिसली. ते व्हिव्हियनाइट नावाचे लोह आणि फॉस्फेटचे खनिज असून हवा लागली की ते निळे पडते, असे आमच्या पर्यवेक्षिकेने सांगितले.

याच मातीत १९७३ साली पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडला. आज त्या पाट्यांपैकी बऱ्याच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अवरक्त प्रकाशात छायाचित्रे घेतल्यावर पुसट अक्षरे वाचता येऊ लागली आणि या सीमेवरच्या माणसांचे बोलणे उलगडले. इ.स. १०० च्या सुमारास दुसऱ्या एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिने किल्ल्याच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिशिया लेपिडिना हिला आपल्या वाढदिवसाचे, म्हणजे ११ सप्टेंबरचे, आमंत्रण धाडले. पत्र लेखनिकाने लिहिले असले, तरी शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत, आणि स्त्रीच्या हातचे सर्वांत जुने लॅटिन लेखन म्हणून जे ज्ञात आहे, त्यात त्यांची गणना होते.

माझे मन मात्र एका हिशेबाच्या पाटीवर अडून राहिले. सैनिकांच्या नावापुढे त्यांनी घेतलेल्या वस्तू आणि रकमा आहेत, त्यात तप्पोचा मुलगा गंबॅक्स याच्या नावावर मिरीची नोंद आहे, रक्कम २ दिनारियस, म्हणजे रोमन चांदीची दोन नाणी. ही मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रातली बंदरे आणि इजिप्त ओलांडून या थंड माळावर पोहोचली होती. मी कोल्हापूरची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती मी शाळेत असताना टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पाहिली होती, आणि समुद्राचा हा परका देव पंचगंगेकाठी कसा आला, असा प्रश्न तेव्हा पडला होता. भारत आणि रोम यांच्यातल्या त्याच व्यापाराचे दुसरे टोक इतक्या दूर, इतक्या उत्तरेला, एका साध्या शिपायाच्या खरेदीत सापडेल, असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या ट्रॉवेलखाली चामड्याची एक कड आली. उत्साहाच्या भरात मी ती ओढणार, एवढ्यात पर्यवेक्षिकेने माझा हात धरला. वस्तू मातीतून ओढायची नसते, वस्तूभोवतीची माती काढायची असते, म्हणजे ती आपोआप मोकळी होते, असे तिने शांतपणे समजावले. त्या कडेभोवतीची माती काढण्यात जवळजवळ सारी दुपार गेली. तो बुटाचा तळवा होता, माझ्या तळहाताहून फारसा मोठा नव्हता, म्हणजे लहान मुलाचा. छावणीत सैनिकांबरोबर त्यांची कुटुंबेही राहत असत, हे मी वाचले होते, पण त्या तळव्याची झिजलेली टाच पाहिल्यावर मला बराच वेळ काही बोलता आले नाही.

हवेत चामडे वाळून आक्रसते, म्हणून तो लगेच पाण्याच्या डब्यात ठेवला. चिठ्ठीवर थराचा क्रमांक आणि तारीख मी माझ्या हाताने लिहिली, डबा पर्यवेक्षिकेच्या हवाली केला आणि पावसाची सर येण्यापूर्वी उरलेला कोपरा खरवडून घ्यावा म्हणून पुन्हा गुडघ्यांवर बसले.